स्लेटच्या खाणीवरच्या बराकी आणि आपल्याकडचे पत्र्याचे शेड

तुझा प्रश्न असा, की वेल्समधल्या डिनॉर्विकच्या स्लेट खाणीवर कामगारांच्या दगडी बराकी अजून उभ्या आहेत, तिथे म्हणे फक्त पुरुष राहायचे, बायका-पोरं नाहीत, हे असं का? आणि आपल्या धुळे-जळगावकडे एवढ्या खदानी असून कामगारांचं एकही जुनं घर का सापडत नाही? आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणालीस, त्यात शिरपूरची, म्हणजे घरचीच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. चहा घेऊन बस.

आधी माझं सांगतो. मी सिव्हिलवाला, पण पूल-बिल्डिंगा बांधायचं नशिबात नव्हतं, एकतीस वर्षं डबर, गिट्टी नि खडी क्रशर यातच गेली. खदान सुरू करायची म्हणजे पहिलं काम रस्ता, दुसरं पाणी आणि तिसरं लेबर कॅम्प, आणि हे तिसरं काम दरवेळी माझ्या गळ्यात. त्यामुळे कामगारांच्या घरांचा इतिहास मी पुस्तकातून नंतर वाचला, आधी पत्रे ठोकून शिकलो. मुलगा मँचेस्टरला असतो, २०१८ ला त्याच्याकडे गेलो तेव्हा सगळे लंडन बघायला गेले नि मी हट्टानं खाण बघायला गेलो. बायको अजून चिडवते, की इथेही दगड नि तिथेही दगडच.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो, पुढचं सगळं तिच्यावर आहे. खाणीवरचं घर बघताना भिंत, छप्पर, खिडकी हे नंतर बघ. आधी विचार, जमीन कोणाची, आणि काम सुटलं की घर सुटतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की घर कसं असणार हे जवळजवळ कळतं.

आता स्लेट म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आपल्याकडे कडप्प्यालाही लोक स्लेट म्हणतात. कडप्पा नि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड, थरावर सुटतात. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड, चिखलाचा खडक जमिनीत दाबला जाऊन तयार झालेला, नि त्याला एकाच दिशेनं चीर जाते, छन्नी बरोबर लावली तर वहीच्या पानासारखा सुटतो. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, तो फुटतो, पानं सुटत नाहीत. आपल्या घरांवर म्हणूनच दगडी कौलं कधी आली नाहीत, धाबं आलं, मंगलोरी आलं, मग पत्रा आला. स्लेटची भानगड ही, की एक टन चांगला माल निघायला दहा टन नि कधी त्याहून कितीतरी जास्त दगड फेकून द्यावा लागतो. वेल्सच्या त्या डोंगरांवर आज जे करडे ढीग दिसतात ते सगळं हे फेकलेलं. आणि गंमत म्हणजे कामगारांची घरंही बऱ्याचदा याच फेकलेल्या दगडातून बांधलेली, कुंपणसुद्धा उभ्या पातळ शिळा जमिनीत रोवून नि तारेनं एकमेकींना बांधून केलेलं. मालकाला बांधकामाचं मटेरियल फुकट!

आता डिनॉर्विक. लॅनबेरिस गावाच्या वर, तळ्याच्या काठापासून डोंगराला पायऱ्या पाडत पाडत खाण वर गेली. अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली, १९६९ ला बंद पडली, ऐन भरात तीन हजारांवर माणूस कामाला. याच्याहून मोठी एकच, शेजारची पेनरिन. जमीन सगळी वेनॉल इस्टेटची, म्हणजे असेटन स्मिथ घराण्याची, खाणही त्यांचीच. आता तीन हजार माणूस आणणार कुठून? डोंगराच्या कुशीतल्या गावांतून येऊन येऊन किती येणार. म्हणून समुद्राच्या पलीकडच्या अँगलसी बेटावरून माणसं यायची. तिकडे शेतीचा मुलूख, थोडी जमीन, पण पोट भरेल एवढी नाही. सोमवारी पहाटे, म्हणजे खरं तर रात्रीच, घरातून निघायचं, होडीनं सामुद्रधुनी ओलांडायची, मग खाणीपर्यंत, आणि शनिवारी परत. आठवड्याची भाकरी, म्हणजे ब्रेड-लोणी वगैरे, गाठोड्यात बांधून.

हे वाचून तुला काही आठवलं का? दिवाळी झाली की सातपुड्यातून पावरा-भिल्ल मजूर उतरतात, घरी दोन-अडीच एकर, नि पावसाच्या तोंडावर परत. फरक एवढाच, की तिकडे आठवड्याला घर दिसायचं, इकडे सहा महिन्यांनी. आणि त्या फरकामुळेच आपल्याकडे बायका-पोरं सोबत येतात, तिकडे घरी थांबली. बराकीत बायका का नव्हत्या याचं साधं उत्तर हेच, बायको शेत नि गुरं सांभाळत होती आणि नवरा शनिवारी येत होता. मालकालाही तेच परवडणारं, कारण एकट्या पुरुषाला खाट टाकून भागतं, कुटुंबाला स्वयंपाकघर, विहीर, शाळा, सगळं लागतं.

बराकी अशा आहेत: समोरासमोर दोन लांब ओळी, मधे गल्ली, प्रत्येक ओळीत ११ घरं, एकूण २२. प्रत्येक घरात दोन खोल्या, पुढची बसायची, तिच्यात शेकोटी, नि मागची झोपायची. एका घरात चार माणसं. जाडजूड दगडी भिंती आणि वर अर्थातच स्लेट होती, आता छप्पर गेलंय, भिंतीत झाडं उगवलीत. अँगलसी बराक म्हणतात, पण त्या जागेचं वेल्श नाव आहे ड्रे न्यूइड, अर्थ नवं गाव. म्हणजे आपलं नवापूरच की! मी आत उभा राहिलो, दोन्ही हात पसरले नि मनात हिशोब केला की इथे चार खाटा टाकल्या तर पाय ठेवायला कुठे, मग लक्षात आलं की खाटा चार नसतीलच. एका बिछान्यात दोघं झोपायची पद्धत बराकींतून सर्रास होती.

वीज नाही, नळ नाही, संडास नाही. आणि हे कधीपर्यंत? १९४८ पर्यंत! तेव्हा आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर न सांगता येऊन धडकला, नि राहण्यालायक नाही म्हणून बराकी बंद करायला लावल्या. म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तरी इंग्लंडच्या राजाच्या राज्यात माणसं बिनसंडासाची राहत होती. मला यात फार आनंद झाला असं नाही, पण आपल्याकडे कोणी "परदेशात बघा कसं असतं" म्हणून सुरू झालं की मी हे सांगतो.

दुसरा प्रकार, त्याहून वाईट, तो वेल्समधल्याच ब्लेनाय फेस्टिनिओग गावाच्या वरच्या खाणींचा, रॉसिड नि क्विमॉर्थिन वगैरे. तिथे उंची जास्त, वारा नि पाऊस बेक्कार, गाव लांब. तिथल्या बराकींतल्या ओल नि गर्दीबद्दल एकोणिसाव्या शतकातच तक्रारी झाल्यात. काही खाणींतून संध्याकाळी उतरायचा एक भन्नाट मार्ग होता, क्रेग डी नावाच्या खाणीवर माणसं रुळावर बसवलेल्या एका फळीवर बसून उतारावरून सरळ घरंगळत खाली यायची. 'कार ग्विल्ट' म्हणायचे, रानटी गाडी. दिवसभर सुरुंग नि दगड, नि घरी जाताना ही सर्कस. पण बघ, रोज घरी जायची सोय होती म्हणून तिथे फळी, जिथे तीही सोय नाही तिथे बराक. अंतर हा पहिला हिशोब.

बराकीतलं नि खाणीवरचं आयुष्य नुसतं दुःखाचं होतं असं समजू नको हं. खाणीवर 'काबान' म्हणून जेवणाची खोली असायची, तिथे चहाच्या वेळी कविता, गाणी, धर्म, राजकारण, सगळ्यावर वाद झडायचे, रीतसर अध्यक्ष वगैरे नेमून. आपल्याकडे पारावर जे होतं ते तिथे शेकोटीपाशी. १८७४ ला नॉर्थ वेल्स क्वॉरीमेन्स युनियन झाली, ती उभी राहण्यात असल्या बैठकांचा हात नसेल असं मला वाटत नाही. चहा मात्र दिवसभर उकळत ठेवलेला, काळाकुट्ट. आणि इथे एक संतापजनक गोष्ट. स्लेटच्या धुळीनं फुप्फुसं जायची, सिलिकोसिस, नि खाणीच्या पगारातले डॉक्टर सांगायचे की धूळ निरुपद्रवी आहे, हा त्रास त्या उकळलेल्या चहाचा! धुळीनं मेलेल्या-खंगलेल्या माणसांना भरपाईचा कायदा व्हायला १९७९ उजाडलं. तोवर डिनॉर्विक बंद पडून दहा वर्षं झाली होती.

आता गावं. कारण बराक हा स्लेटच्या घरांचा छोटा तुकडा, बहुतेक कामगार गावातच राहायचे, नि खरा इतिहास तिथे आहे. ही गावं जुनी नाहीत, खाणीमुळे उगवलेली. नावं बघ: बेथेस्डा, कार्मेल, नेबो, नाझरेथ, सगळी बायबलमधली, कारण आधी चॅपल बांधलं नि त्याच्याभोवती घरं. आपल्याकडे मारुतीचं मंदिर आधी नि वाडी नंतर, तसं. ब्लेनाय फेस्टिनिओग तर अठराव्या शतकात नुसती शेतं होती, ते १८८१ ला अकरा हजारांवर लोकवस्तीचं शहर झालं. पुढे १९५१ ला स्नोडोनिया नॅशनल पार्क केलं तर नकाशात या शहरापुरतं भोक ठेवलं, ढिगाऱ्यांमुळे. नि तेच ढिगारे, खाणी, गावं २०२१ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. काळ असा फिरतो.

घर कोण बांधायचं? बऱ्याच ठिकाणी कामगार स्वतः, स्वतःच्या घामानं, सुट्टीच्या दिवशी, पण जमीन जमीनदाराची, लीजवर. आणि लीज संपलं की जमीन परत, नि तिच्यावरचं घरही परत! तू बांधलं, तुझ्या बापानं बांधलं, काही फरक नाही. हे वाचल्यावर मी दोनदा तपासलं, मला वाटलं माझा काहीतरी घोळ होतोय. पण खरंच तसंच होतं, लीजवर राहणाऱ्याला जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला तो १९६७ च्या कायद्यानं. पेनरिन इस्टेटनं मनिद लँडिगाय नावाची वस्ती आखली, तिथे प्रत्येक घरामागे लांबच लांब चिंचोळी पट्टी, दोन गाई-डुकरं नि बटाटे होतील एवढी. दिसायला दानशूरपणा. पण जमीन लीजवर, म्हणजे कामगार मालकाच्या दारात नि मालकाच्याच रानात. शिवाय पगार कमी दिला तरी बटाट्यावर निभावतो.

बेथेस्डाची गोष्ट त्याच्या उलट. ते गाव पेनरिनच्या हद्दीला लागून पण बरंचसं बाहेरच्या जमिनीवर उभं राहिलं. तिथला हायस्ट्रीट बघायला जा कधी, सगळे पब रस्त्याच्या एकाच बाजूला! कारण दुसरी बाजू खाणमालक लॉर्ड पेनरिनची नि त्याला दारूचं दुकान चालायचं नाही. जमिनीची मालकी सातबाऱ्यावर असते हे आपल्याला माहीत आहे, ती रस्त्यावर अशी डोळ्यांना दिसते हे मी तिथे पाहिलं. बरं, या लॉर्डांचा पैसा मुळात आला कुठून? जमैकातल्या उसाच्या मळ्यातून, गुलामांच्या कष्टातून. तो पैसा वेल्सच्या डोंगरात घातला. उसाचा नि दगडाचा असा संबंध.

१९०० च्या नोव्हेंबरमध्ये पेनरिनचे कामगार काम टाकून बाहेर पडले ते तीन वर्षं, १९०३ पर्यंत. ब्रिटनमधल्या सगळ्यात लांबलेल्या भांडणांपैकी हे एक. मधे मालकानं खाण परत उघडली, काही जण कामावर गेले. मग गावात खिडक्याखिडक्यांत छापील पाट्या लागल्या, वेल्शमध्ये, 'या घरात गद्दार नाही'. जो कामावर गेला त्याच्या खिडकीतली पाटी गेली, म्हणजे पाटी नसणं हीच निशाणी. भाऊ-भाऊ बोलेनासे झाले, चॅपलं फुटली. आणि कामावर परत आलेल्यांसाठी मालकानं जवळच ट्रेगार्थला नवीन घरं दिली. तुझ्या प्रोजेक्टमध्ये एकच प्रकरण घ्यायचं झालं तर हे घे, कारण इथे घर हे बक्षीसही आहे, शिक्षाही आहे आणि निषेधाचा फळाही. आणि पाटी लावायची हिंमत कोणाची होते? ज्याचं घर लॉर्डच्या जमिनीवर नाही त्याची जास्त होते. परत तेच, जमीन कोणाची.

जाता जाता ट्रेफॉरिस सांगतो. गॉर्सेडाय नावाच्या खाणीसाठी १८५० च्या दशकात शिस्तीत आखून वस्ती बांधली, तीन समांतर रस्ते, जोडघरं १८, म्हणजे ३६ कुटुंबं. खाण चालेना, भांडवल बुडालं, दहा-एक वर्षांत सगळं ओस. माळावर अजून भिंती उभ्या आहेत. इंजिनिअरनं कागदावर गाव काढलं नि खडकानं साथ दिली नाही. मला ते वाचून फार आपलंसं वाटलं.

लॅनबेरिसच्या स्लेट म्युझियममध्ये फ्रॉन हॉल म्हणून चार घरांची ओळ आहे, ती मुळात ब्लेनायजवळच्या टॅनग्रिशाय गावची, दगड न् दगड नंबर टाकून उचलून इथे उभी केली, १९९९ ला खुली झाली. एक घर १८६१ चं मांडलंय, भरभराटीचं, दुसरं १९०१ चं, बेथेस्डातलं, संपाच्या काळातलं, तिसरं १९६९ चं, खाण बंद पडली तेव्हाचं. त्या तिसऱ्या घरात मी सगळ्यात जास्त थांबलो, कारण त्यातलं सामान माझ्या लहानपणच्या कोणत्याही रेल्वे क्वार्टरमध्ये खपून गेलं असतं. माझे मामा भुसावळला रेल्वेत होते, म्हणून म्हणतो.

आता आपल्याकडे वळू. तू म्हणशील मिलच्या चाळी आहेत, भुसावळला रेल्वेच्या कॉलन्या आहेत, मग खदानीवालाच का उघड्यावर? अमळनेरची प्रताप मिल १९०६ ची, ती एका जागी बसून राहणार, रेल्वे जंक्शनही हलत नाही. यंत्र हलत नाही तिथे माणसासाठी भिंत बांधणं मालकाला परवडतं. आपली खदान हलते. रस्त्याचं काम जिथे तिथे क्रशर, लीज थोड्या वर्षांचं, टेकडी संपली की पुढची. त्यात दगड फोडणारे वडार लोक पिढ्यान् पिढ्या फिरस्तेच, गाढवं नि पाल घेऊन या गावाहून त्या गावाला. धरणांच्या, पुलांच्या, देवळांच्या दगडात त्यांचा हात आहे नि त्यांच्या नावावर गुंठाभर गावठाण नाही. त्यांच्या घराचं मटेरियल गाढवावर मावेल एवढंच, मग जुनं घर तुला सापडणार कुठून.

भारतातल्या खाणमजुराच्या घराचं सगळ्यात नेमकं वर्णन मी वाचलं ते सुप्रीम कोर्टाच्या निकालात. बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरण, डिसेंबर १९८३, हरियाणातल्या फरिदाबादच्या दगडखाणी. एका पत्रालाच कोर्टानं याचिका मानलं नि चौकशीला माणसं पाठवली. त्यांनी पाहिलं ते असं: दगडावर दगड रचून भिंती, वर गवताचं छप्पर, ऊन-पाऊस काही अडत नाही, नि उंची एवढी कमी की माणूस धड उभा राहू शकत नाही. आर्किटेक्चरच्या पोरांना हा निकाल वाचायला लावला पाहिजे खरंतर.

आणि कायदा? माझ्या काळात खाणींना १९५२ चा माइन्स ॲक्ट, आता तो २०२० च्या कामगार संहितेत घेतलाय. त्यात पिण्याचं पाणी होतं, संडास-मुतारी होती, जास्त माणसं असतील तर डबा खायला शेड होती, राहायचं घर नव्हतं. वर त्यात एक सूट होती. मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड, खडी यांची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, पन्नासपेक्षा जास्त माणूस नसेल नि सुरुंग वापरत नसतील तर कायद्याची बरीचशी कलमं लागूच नाहीत. त्या यादीत स्लेटचंही नाव होतं, बघ, तुझ्या दोन्ही प्रश्नांची गाठ तिथे पडते. मग हजेरीवर ४९ माणसं का असायची हे तू ओळख. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात मात्र तात्पुरतं घर फुकट द्यायचं होतं, स्वयंपाकाची नि अंघोळीची वेगळी जागा धरून. पण त्याच कलमात पुढे लिहिलं होतं, काम संपलं की मालकानं ते पाडून जमीन पूर्ववत करावी. म्हणजे पुरावा नष्ट करायची सोय कायद्यातच! आणि खाणींना तोही लागू नव्हता.

स्लेटच हवी असेल तर आपल्याहून फार लांब नाही, मध्य प्रदेशात मंदसौरला. तू लहानपणी पाटीवर लिहिलं असशील ती पेन्सिल बऱ्याचदा तिथली. मंदसौरच्या पेन्सिल कापणाऱ्या कामगारांतला सिलिकोसिस देशभर गाजला, तरुण माणसं गेली, विधवांची वस्ती म्हणायची वेळ आली. वेल्समध्ये चहावर ढकललं, इथे बरेचदा टीबी म्हणून औषध दिलं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका क्रशरवर, नाव-गाव नको, मालकानं सांगितलं की इन्स्पेक्शन आहे, चांगला कॅम्प कर. मी जोशात वीस खोल्या काढल्या, दहा बाय दहा, चारी बाजूंनी पत्रा, वरही पत्रा, खाली काँक्रीट, रांगेत, रंग मारून. फोटो फार सुंदर आले. एप्रिल लागला नि एका सकाळी बघतो तर प्रत्येक खोलीच्या बाजूला एकेक झोपडी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड, त्याला शेण-माती, वर जुनी ताडपत्री नि त्यावर कडब्याचा थर, आणि माझ्या खोल्यांत बकऱ्या नि सामान. मी मुकादमावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "हाई घर नही साहेब, भट्टी शे भट्टी." दुपारी दोनला मी त्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसलो, नाही बसवलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली काय होत असेल. तीन हजार रुपयांचा कूड माझ्या लाखाच्या शेडपेक्षा थंड होता. त्यानंतर मी प्रत्येक कॅम्पला फक्त ओटा, वर उंच पत्रा, त्यावर पाचटाचा थर नि पाण्याची टाकी एवढंच द्यायचो, भिंती त्यांच्या त्यांना करू द्यायचो. मालकांना फोटो आवडायचे नाहीत.

आणि एवढं होऊनही ती माणसं काम सोडून का जात नव्हती माहितीय? उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. दिवाळीआधी उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हलायचं नाही. वेल्सच्या माणसाला लीजनं बांधला, आपल्याला उचलीनं. दोर वेगळा, खुंटा तोच.

प्रोजेक्टसाठी चार कामाच्या गोष्टी. वेल्सचं काम घरी बसून होतं, तिथले जुने पंचवीस इंची, म्हणजे मैलाला पंचवीस इंचाचे, नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत, वेल्सचे शीटही त्यात मिळतात, नि १८४१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत घरनिहाय माणसं, वय, धंदा लिहिलेला असतो. फक्त ही गणती रविवारच्या रात्रीची, तेव्हा आठवड्याला घरी जाणारा बराकीतला माणूस आपल्या घरी असायचा, म्हणून बराक रिकामी दिसली तर फसू नको. पडक्या भिंती बघताना छप्पर शोधू नको, शेकोट्या मोज. जिथे शेकोटी तिथे माणसं राहत होती, शेकोटी नाही ती जागा बहुधा शेड किंवा कोठार. संडासाचा खड्डा सापडतो का ते बघ, नि न सापडणं हेही लिहून ठेव.

आपल्याकडेही तेच कर. बंद पडलेल्या क्रशरच्या जागी पत्रे नसतात, ते पहिल्याच दिवशी टेम्पोत जातात. पण चुलीचे तीन-तीन काळे दगड राहतात, मोरीची एखादी फरशी राहते, कधी पाळण्याच्या दोरीनं घासलेलं झाड राहतं. ते मोज, टेपनं अंतर घे, ड्रॉइंग काढ, तुझा प्लॅन तयार. मजुरांशी बोलायला दुपारी जाऊ नको, जेवण करून आडवे होतात, संध्याकाळी पाण्याचा टँकर येतो तेव्हा जा, बायका सगळ्या तिथेच भेटतात. आणि उचलीचा विषय पहिल्या दिवशी काढू नको, मुकादम दुसऱ्या दिवशी गेटच उघडणार नाही.